सिस्टरबाईंचे शेवटचे तीन गडी

कुरखेड्याला सिस्टरबाईंच्या घरात पाऊल टाकलं की, माणूस कोणीही असो, आधी बाहेरच्या खोलीतल्या लाकडी खुर्चीत बसावं लागायचं. "बस. हात दे." मग दंडाला पट्टा, त्यांच्या कानात नळ्या, आणि घरभर शांतता. गॅसचं सिलिंडर आणणारा असो, पोस्टमन असो, नाहीतर मतं मागायला आलेला उमेदवार. आकडा बरा निघाला तर पाणी मिळायचं, जास्त निघाला तर पाण्याबरोबर बोलणीही. मी खोली बघायला गेले तेव्हा माझंही तेच झालं. एकशेदहा-सत्तर. "चांगली आहे," त्या म्हणाल्या, "राह्य." खोली कशी आहे ते मी नंतर बघितलं.

त्यांचं सगळं आयुष्य कुरखेड्याच्या आसपास जंगलातल्या उपकेंद्रांवर नर्स म्हणून गेलं होतं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी पदराला उलटं टोचलेलं घड्याळ निघालं नव्हतं. लग्न केलं नव्हतं. का, असं कोणी विचारलं तर "ड्यूटी होती" एवढंच उत्तर. दोन कुत्री होती, एकाचं नाव मलेरिया, दुसरीचं कावीळ. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहून त्या "मलेरियाऽ, घरी चाल!" अशी हाक द्यायच्या तेव्हा नवखा माणूस दचकून त्यांच्याकडे बघायचा. गल्लीतली निम्मी माणसं त्यांच्याच हातावर जन्मलेली. चांगले मिशा फुटलेले बाप्ये वाद घालायला लागले की त्या म्हणायच्या, "तुयी नाळ मी कापली आहे. मले शिकवू नको." तिथे वाद संपायचा.

मी बल्लारपूरची. तालुक्याच्या एका कचेरीत कंत्राटावर ऑपरेटर म्हणून लागले होते, चोवीस वर्षांची होते. जेवण त्यांच्याकडेच, साडेसहाला, बाहेर चांगला उजेड असताना. "पोटालेबी ड्यूटी संपवू दे वं," त्या म्हणायच्या.

आणि या बाई रोज दुपारी चार वाजता सुपरहिरोंचा व्हिडिओ गेम खेळायच्या.

भाचा नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा त्याचा जुना कॉम्प्युटर इथेच राहिला होता, त्यात हा खेळ. बाई हात साबणाने कोपरापर्यंत धुवायच्या, कोरड्या फडक्याला पुसायच्या, चष्मा लावायच्या आणि बाळंतपणाला बसावं तशा ताठ बसायच्या. खेळात चाळीस गडी होते. सुरुवातीला त्यातले चारच तुमच्या हाती येतात, बाकीचे छत्तीस नुसत्या काळ्या सावल्या. प्रत्येक सावलीच्या बिल्ल्याचे पाच तुकडे खेळात कुठेकुठे लपवलेले असतात. पाचही सापडले की घंटा वाजते, सावलीत रंग भरतो आणि तो गडी तुमचा होतो. बाईंना त्यांची इंग्रजी नावं मान्य नव्हती. विजा फेकणारी ती वीजवाली, चिखलातून उगवणारा तो चिखल्या, पाठीवर लाल कापड घेऊन उडणारा चादरवाला. लढाईत एखादा पडला की त्या खाली मान घालून पदरावरचं घड्याळ बघायच्या आणि गंभीरपणे सांगायच्या, "गेला बिचारा. चार वाजून सतरा मिनिटं." मग पुढचा गडी घ्यायच्या.

मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा पोट धरून हसले. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. "हस," म्हणाल्या, "हसल्यानं बीपी उतरते."

दोन वर्षांत त्यांनी सदतीस गडी मिळवले होते. कोणत्या गड्याचा कोणता तुकडा कुठे सापडला, ते त्यांना तोंडपाठ होतं. जेवताना तेच चालायचं. "चिखल्याचा तिसरा तुकडा मले कुठी भेटला, सांगू? पुलाच्या खाली, तुटक्या बसच्या मागं. आन चौथा घड्याळाच्या मनोऱ्यात." मी म्हणायचे, "लिहून ठेवा न सिस्टर, एका वहीत." त्या मान हलवायच्या. "लिहिलं का डोकं झोपते."

असं का, ते त्यांनी मला एका रविवारी सांगितलं होतं. अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसलो होतो. त्यांच्या आईला साठीच्या आतच विसरायला व्हायला लागलं होतं. आधी भांडी, मग रस्ता, मग माणसं. शेवटची तीन वर्षं ती आपल्या याच लेकीला "नर्सबाई, माया पोरीले बोलवा न" असं म्हणायची. "मले आता बासष्ट चालू आहे," बाई म्हणाल्या. "म्हणून हे खेळतो मी. रोज पाहतो, काल भेटलेला तुकडा आज आठवते का. जोवर आठवून राह्यलं तोवर मी लोकाइले गोळी देऊ शकतो, सुई देऊ शकतो. ज्या दिवशी नाई आठवलं, त्या दिवशी बॅग बंद."

मी "हो का" म्हटलं. माझ्या हातात मोबाईल होता. त्यांचं बोलणं मी ऐकलं होतं, एवढं मला आज पक्कं आठवतं. नंतर मी स्वतःला कितीदा तरी सांगून पाहिलं की आपण ऐकलंच नव्हतं.

शेवटचे तीन गडी काही केल्या मिळेनात. महिना झाला, दोन झाले. जेवणाच्या ताटावर रोज तेच. धरण पाहिलं, बोगदा पाहिला, छतं पाहिली. मला त्यांची दयाही यायची आणि खरं सांगायचं तर कंटाळाही आला होता. कचेरीत दिवसभर पडद्यापुढे बसून यायचं आणि घरी पुन्हा पडद्याच्याच गोष्टी. मग वडसा गावी भावाच्या नातीच्या नामकरणाला त्या दोन दिवस गेल्या, घर आणि कुत्री माझ्यावर सोपवून. त्या दुपारी मी सहज मोबाईलवर त्या खेळाचं नाव टाकून बघितलं. खेळ बनवणारेच अशा खेळांत चोरवाटा ठेवतात, ठरावीक अक्षरं दाबली की सगळं उघडतं. हे मला लहानपणापासून माहीत होतं. बल्लारपूरला चुलतभावाबरोबर खेळताना आम्ही दुसरं काही करतच नव्हतो; 'कोड मारणं' म्हणायचो त्याला.

नऊ अक्षरं होती. मी ती दाबली. घंटा वाजली आणि तिन्ही सावल्यांत एकदम रंग भरला. तिघांत एक म्हातारी होती, पांढऱ्या केसांची, हातात कंदील घेतलेली. मला फार आनंद झाला. वाटलं, बाईंना ही फार आवडेल.

मग लक्षात आलं की हे माघारी फिरवता येत नाही. खेळ स्वतःच सगळं जपून ठेवतो. मी तासभर खटपट केली आणि शेवटी कॉम्प्युटर बंद करून टाकला.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. चार वाजता हात धुतल्याचा आवाज आला, खुर्ची ओढल्याचा आला. मग बटणांचा आवाज येईचना. मी स्वयंपाकघरात उभी होते.

"इकडं ये वं."

गेले. त्या पडद्याकडे बघत होत्या. आवाज अगदी साधा होता.

"हे तिघं कधी आले?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. त्यांनी मला फार तर चार शिव्या घातल्या असत्या. पण त्या रागावतील, आठ दिवस बोलणार नाहीत, एवढंच मला त्या क्षणी दिसलं आणि माझ्या तोंडून निघालं, "तुम्हीच तर आणले न सिस्टर. जायच्या आदल्या दिवशी."

"मी?"

"हो. मले हाक मारून सांगितलं पण तुम्ही. झाले म्हणून."

ही दुसरी ओळ कोणी मागितली नव्हती. पहिली घाबरून सुटली असं म्हणता येईल. दुसरी मी जोडली.

त्यांनी पुन्हा पडद्याकडे बघितलं. कंदीलवाल्या म्हातारीवर बोट ठेवलं. "हिचे तुकडे कुठी भेटले मले?" त्यांनी हळू विचारलं. मला विचारलं की स्वतःला, ते कळलं नाही. मी म्हटलं, "ते नाही सांगितलं तुम्ही." मग त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, त्यावर धुतलेली जुनी चादर घातली आणि चहा न घेता अंगणात जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवसापासून बाहेरच्या खोलीतली ती लाकडी खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली दिसली. पोस्टमन आला, सवयीने दंड पुढे करून उभा राहिला. बाई म्हणाल्या, "पत्र दे आन जाय." शेजारची एक सून सात महिन्यांची होती, तिला दर आठवड्याला याच तपासायच्या. तिला सांगितलं, "आता सरकारी दवाखान्यातच जात जाय, बाई." ती रडवेली होऊन म्हणाली, "माया काही चुकलं का, सिस्टर?" त्या म्हणाल्या, "तुयं नाई वं."

मी हे सगळं बघत होते. रोज वाटायचं, उद्या सांगू. मग वाटायचं, आता इतके दिवस झाले, आता सांगितलं तर काय म्हणतील. जितके दिवस जात, तितकं सांगणं जड होत गेलं. साडेसहाला आम्ही समोरासमोर जेवत होतो. त्या आता जेवताना बोलत नव्हत्या. मी बोलायचे, कचेरीतल्या गमती सांगायचे, आणि मला वाटायचं की मी त्यांचं मन रमवते आहे.

असे तीन महिने गेले.

मग समोरच्या घरातल्या काकाजींचं झालं. त्यांना साखरेचा आजार होता, रोज सुई घ्यायचे. एका सकाळी त्यांची बायको ओरडत आमच्या दारात आली. सुई घेतली आणि न जेवताच वावरात निघाले होते, ओट्यावरच कोसळले. आम्ही धावलो. काकाजी घामाने ओले, थरथरत होते, काहीतरी असंबद्ध बडबडत होते. काकू म्हणत होत्या, "सिस्टर, काय करू? आणखी सुई देऊ का? काय देऊ? सांगा न लवकर!"

बाई ओट्याच्या पायरीशी उभ्या होत्या. दोन्ही हात पदरात गुंडाळलेले. "मले इचारू नका," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात न्या. मले नाई माहीत." काकू आणि मी, दोघी त्यांच्याच सांगण्याची वाट बघत राहिलो. त्यांच्या मुलाने मोटारसायकल काढली, तो आणि काकू यांच्या मध्ये बसवून काकाजींना नेलं. वाटेत त्यांना झटका आला. वाचले, चौथ्या दिवशी घरीही आले. पण डॉक्टर काकूंना म्हणाले होते, तोंडात चमचाभर साखर घातली असती तर इथवर यायची पाळी आली नसती.

ते लोक दवाखान्यात गेल्यावर आम्ही दोघी घरी आलो. बाई दारातच थांबल्या. लहान पोरगी मास्तरांना विचारते तशा आवाजात मला म्हणाल्या, "साखरच द्यायची असते न वं?"

"हो, सिस्टर."

"मले वाटलं होतं. पण वाटलं त्याचं काय खरं."

मी तिथेच, चपला पायात असतानाच, सगळं सांगितलं. कोड, मोबाईल, नऊ अक्षरं, माझं खोटं. सांगताना रडत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"माया मनाले बरं वाटावं म्हणून सांगून राह्यली न तू," त्या म्हणाल्या. "चांगली पोरगी आहे."

त्यांना ते पटत नव्हतं. मी चादर ओढून कॉम्प्युटर लावला. नवा खेळ सुरू केला. चार गडी आणि छत्तीस सावल्या. "हे पाहा," म्हटलं आणि अक्षरं दाबली. घंटा वाजली. सगळे छत्तीस एका दमात रंगले.

"पुन्हा कर," त्या म्हणाल्या.

पुन्हा नवा खेळ, पुन्हा अक्षरं, पुन्हा घंटा. "पुन्हा." तीनदा करायला लावलं. चौथ्यांदा त्यांनी माझा हात बाजूला सारून एकेक अक्षर विचारत स्वतः दाबलं. घंटा वाजल्यावर त्या मागे टेकल्या, आणि त्यांच्या तोंडून असा एक श्वास सुटला की बाहेरची कावीळ आत येऊन त्यांच्या पायाशी बसली.

"म्हंजे मी नाई विसरली," त्या म्हणाल्या.

मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तीन महिने मी रोज सकाळी उठून पाटीवर माया नाव लिहून पाहत होती. बापाचं नाव, गावाचं नाव. अक्षर चुकते का पाहत होती. आन तू माया समोर बसून जेवत होती न वं."

एवढंच. शिवी नाही, खोली सोड म्हणणं नाही. त्या उठल्या, खुर्चीचं तोंड भिंतीकडून वळवलं आणि समोरच्या काकूंकडे गेल्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही. माझं नाव घेतलं की नाही तेही त्या दिवशी कळलं नाही.

पण आठवड्याभरात गल्लीला सगळं कळलं, आणि तेही त्यांच्याच तोंडून, हसत. "या पोरीनं मले पागल करून सोडलं होतं बापा!" पोस्टमनच्या दंडाला पट्टा बांधता बांधता त्या सांगायच्या आणि तो माझ्याकडे बघून हसायचा. मीही हसायचे. त्यातून एक बोलणंच तयार झालं. किल्ली सापडली नाही की, "कोणं कोड मारला?" दूध उतू गेलं की, "मारला वाटते कोड." गल्लीतली बाकीची माणसंही तसं म्हणायला लागली. मला हलकं वाटायचं. वाटायचं, माफी मिळाली.

पुढच्या वर्षी मला चंद्रपूरला काम मिळालं आणि मी कुरखेडा सोडलं. महिन्यातून एखादा फोन व्हायचा. त्या सांगायच्या, "काल गॅस दिवसभर चालूच राह्यला. मारला कोणंतरी कोड!" आम्ही दोघी हसायचो. एकदा म्हणाल्या, मलेरियाला दोनदा जेवू घातलं आणि कावीळ उपाशी राहिली. तेव्हाही हसलो. एकदा एका फोनमध्ये त्यांनी मला विचारलं की तू आता कुठी राह्यते, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं. मी दोन्ही वेळा चंद्रपूर म्हटलं. त्या दिवशी मात्र मी फोन ठेवून बराच वेळ बसून राहिले. तरी कोणाला काही बोलले नाही.

नंतर भाच्याचा फोन आला. बाई बाजाराला गेल्या होत्या आणि चार गल्ल्यांवरचं घर त्यांना सापडलं नव्हतं. त्याने नागपूरला नेऊन दाखवलं. डॉक्टर म्हणाले, आईचं तेच यांचं, आणि हे आजचं नाही, दोन-अडीच वर्षं तरी झाली असतील. लवकर आणलं असतं तर औषधाने काही काळ थोपवता आलं असतं.

"मी मावशीले म्हटलं, तू नर्स आहे, तुले समजलं नाई का?" भाचा सांगत होता. "तर म्हणते, मले पह्यलेबी असंच वाटलं होतं. अन् मग निघालं काय, तर ते पोरीनं केलं होतं. म्हणून आता मी मनावर घेत नाई."

तो मला दोष देत नव्हता. त्याला वाटलं मी सगळ्यांत जास्त दिवस त्यांच्याजवळ राहिलेली, मला कळवलं पाहिजे.

मी कुरखेड्याला गेले ती दिवाळीनंतर. बाई अंगणात उभ्या होत्या, कुठेतरी निघाल्यासारख्या. केस कोणीतरी नीट विंचरून दिले होते. पायांत दोन वेगवेगळ्या चपला, एक त्यांची, एक त्यांचं करायला येणाऱ्या बाईची, आणि दोन्ही उजव्या. त्यामुळे एक पाऊल टाकलं की त्या अडखळत होत्या आणि खाली बघत होत्या. मी जवळ गेले. नाव त्यांनी घेतलं नाही. पण चेहरा हसरा झाला, बोट माझ्याकडे रोखलं गेलं.

"ते कोडवाली न तू?"

"हो, सिस्टर."

त्यांनी पायांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हे चप्पल तूच बदलवली न?"

मी खाली बसले. त्यांचा एक पाय माझ्या मांडीवर घेतला.

"हो," मी म्हटलं. "मीच बदलवली."

"पाहा!" दारात उभ्या असलेल्या, त्यांचं करायला येणाऱ्या बाईकडे वळून त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. मग वाकून, माझ्या डोक्यावर हात ठेवून, समजावणीच्या सुरात मला म्हणाल्या,

"मग लवकर काऊन नाई सांगतलं वं?"